खोटा खिसा

सकाळपासून धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गॅरेजची पाटी दिसत नव्हती, आतला हातोडा तेवढा ऐकू येत होता. खिडकीच्या गजांवर पाण्याचे थेंब धरले होते. फरशी पुसून बराच वेळ झाला तरी वाळायचं नाव घेत नव्हती. अशा हवेत कापड जड होतं, कॉलर मान टाकते आणि इस्त्री चावते.

यातलं शेवटचं एकट्या आत्याला ठाऊक होतं. बाकी घराचं म्हणणं असं की इस्त्री ठीक आहे, आत्याचं वय झालं.

ती टेबलाशी अनवाणी उभी राहिली. समोर एका हॉटेलच्या वेटरांचे पांढरे शर्ट, वहिनीनं शिवून गठ्ठा करून ठेवलेले. पहिला शर्ट तिनं उलटा केला, शिवणी बोटानं चाचपल्या, बाहीवर पाणी शिंपडलं. डाव्या हातानं बाही ताणून धरली आणि उजव्या हातानं इस्त्री फिरवली. ओल्या कापडातून बोटांत आणि बोटांतून कोपरापर्यंत झणझणत गेलं. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर होतं ना, तसं.

"चावली," आत्या म्हणाली.

खिडकीपाशी मशीनवर बसलेली वहिनी पाय न थांबवता म्हणाली, "वन्सं, चप्पल घाला की."

"कुरूप आहे पायाला. चप्पल घातली की तीही चावते. आता तूच सांग, कुठून चावून घेऊ?"

वहिनीनं दोरा दातानं तोडला.

आत्या म्हणजे या घरातल्या कर्त्या पुरुषाची थोरली बहीण. भाचरांची आत्या म्हणून गल्लीची आत्या. पुढे भाचरं शिकायला बाहेर गेली तरी गल्लीनं नाव ठेवून घेतलं. तिचं लग्न झालं होतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायची, "होता एक. कच्चा टाका होता. पहिल्याच धुण्यात उसवला." त्यापलीकडे त्या माणसाला तिनं बोलण्यातसुद्धा जागा दिली नाही. भावाकडे आली आणि इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरीला लागली. डॉक्टरांचे कोट कडक करता करता तिचे केस पिकले. मोठमोठे डॉक्टर तिनं आतल्या बाजूनं ओळखले होते. कुणाच्या खिशात शाई सांडलेली, कुणाच्या कॉलरला मळाची जाड रेघ, कुणी तोंड पुसायला बाहीच वापरतो. त्यामुळे पुढे आयुष्यात तिला कुणाचा दबदबा म्हणून वाटला नाही.

तिथली एक सवय मात्र हाडात मुरली. कपडा आधी उलटा करायचा. शिवण, खिशाची पिशवी, काजांची मागची बाजू, सगळं नीट दाबून घ्यायचं आणि मगच सुलट्याला हात लावायचा. सुलट बाजू जगाला दाखवायची असते, तिथं चोरसुद्धा नीट वागतो, असं ती म्हणायची. दुकानातून घरी आणलेला टॉवेलही ती उलटून बघे. माणसांचंही तेच करे, म्हणून तिच्याकडे फार माणसं येत नसत.

नोकरी संपल्यावर ती वहिनीच्या शिवणकामात आली. वहिनी शिवायची, आत्या इस्त्री करायची. आत्याची इस्त्री झालेला शर्ट घडी मोडायला माणूस कचरेल असा असे. तिच्या अंगात आता दुसरं कुठलं काम उरलं नव्हतं. गुडघे जिना चढत नव्हते, सुईत दोरा जात नव्हता, स्वयंपाकात तर तिला पूर्वीपासूनच कुणी विचारत नव्हतं आणि ते बरंच होतं. पण टेबलाशी उभी राहिली की ती उभी असायची. त्या टेबलाची एक कड तिच्या पोटाच्या घासण्यानं गुळगुळीत झाली होती.

आणि हेच टेबल तिच्याकडून जायच्या बेतात होतं.

झालं होतं असं, की पुढच्या खोलीत मशीन, इस्त्री, वर दोन नळ्यांचे दिवे असा सगळा भार वाढल्यावर भावानं घराची वायरिंग नव्यानं करायची ठरवली. भाऊ पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. सगळ्या गोष्टी ओळखीनं करायच्या, असा त्याचा बाणा. त्यानं आपल्या शाळासोबत्याला बोलावलं. हा सोबती वायरमन होता, म्हणजे निदान त्याच्या सदऱ्यावर तरी तसं छापलेलं होतं. अत्तर लावून कामाला येणारा वायरमन आत्यानं प्रथमच पाहिला. कमरेला किल्ल्यांसारखी काळ्या चिकटपट्टीची वेटोळी लटकलेली. वायरचं साल निघालं, लाव पट्टी. भिंतीत भोक मोठं पडलं, लाव पट्टी. पाइप क्लिपेत बसेना, लाव पट्टी. त्याच्या चष्म्याची मोडकी दांडीसुद्धा त्याच पट्टीनं बांधलेली होती. दुसऱ्याच दिवशी आत्यानं त्याचं नाव ठिगळ्या ठेवलं.

काम करताना त्याचा फोन खांदा आणि कान यांच्यात कायम चेपलेला. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात चहा, आणि तोंडानं भलत्याच गिऱ्हाइकाला "निघालोच, वाटेतच आहे" असं सांगणं चाललेलं. जाताना तो सगळी बटणं एकदा खालीवर करायचा. दिवा लागला, पंखा फिरला की हात झटकून विचारायचा, "चालतंय ना? मग झालं तर." त्याच्या दृष्टीनं जगातली सगळी कामं या एका प्रश्नाशी संपत होती.

बोर्ड मात्र त्यानं देखणे बसवले. पांढऱ्याशुभ्र प्लेटा, कडेला चंदेरी रेघ. वहिनी तर हात पुसून बटण दाबायला लागली. आत्याही त्या दिवशी फसली. इतकी वर्षं सगळं उलटून बघणारी बाई, त्या चंदेरी रेघेकडे बघून "बरं दिसतंय" म्हणाली आणि पाठ फिरवून गेली. पुढे ती म्हणायची, त्या दोन शब्दांची तिला जितकी लाज वाटते तितकी लग्नाचीही वाटत नाही.

मग इस्त्री चावायला लागली.

भावानं पहिल्यांदा तपासलं ते कचेरीत निघताना. पुढची खोली दुकानाची, तिथं सगळे पायताण घालूनच वावरत. पायात जाड तळाचे बूट, हातात कोरडा शर्ट. इस्त्री फिरवून बघितली आणि म्हणाला, "ताई, काही नाही गं. मुंग्या येतात तुझ्या हाताला. वय आहे."

"मुंग्या फक्त बटण चालू असताना येतात होय रे?"

"मनाचे खेळ असतात."

वहिनीनं तपासलं, तिच्या पायात रबरी चपला. तिलाही काही लागलं नाही. ठिगळ्याला फोन केला तर तो निघालोच म्हणाला आणि आठवडाभर वाटेतच राहिला. शेवटी फोनवरच त्यानं निदान सांगितलं. आधीची वायरिंग मरगळलेली होती, आता करंट दमदार येतो, म्हणून नाजूक माणसाला तो जाणवतो. भावाला हे पटलं. आत्याला आयुष्यात प्रथमच कुणीतरी नाजूक म्हटलं होतं, आणि ते अशा माणसानं.

होता होता भावानं परस्पर ठरवून टाकलं की येत्या महिन्यापासून शर्ट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे द्यायचे. "तुला आता आराम," तो म्हणाला. "खिडकीत खुर्ची टाकून देतो. बस निवांत, रस्ता बघ."

"रस्त्यात काय बघू? तुझा मित्र येतोय का ते?"

ते त्यानं हसण्यावारी नेलं आणि संध्याकाळी खुर्ची आणून टाकलीही. पण खिडकीतली खुर्ची आत्यानं इस्पितळात पुष्कळ पाहिली होती. तिच्यात बसवलेली माणसं पुढे तिथून फक्त खाटेवर जातात.

म्हणून त्या धुक्याच्या सकाळी, "चावली" म्हटल्यावर, तिनं इस्त्रीचं बटण बंद केलं, हात पदराला पुसला आणि आतल्या खोलीतल्या भावाला हाक मारली. "बाळ्या, तुझ्या मित्राला आज आण. नाहीतर मी कचेरीत येऊन तुझ्या साहेबासमोर बसते. माझी खुर्ची तिथंच टाक."

भाऊ हादरला. आत्या बोलली ते करायची, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. दोन फोन केले. तिसऱ्याला त्यानं मैत्रीची शपथ घातली असावी, कारण ठिगळ्या चहा व्हायच्या आत दारात हजर झाला. अत्तर, पेटी, चिकटपट्टी, सगळं जागच्या जागी.

"काय मावशी, काय म्हणतोय करंट?"

"मावशी तुमच्या आईच्या बहिणीला म्हणा. इस्त्री चावते."

ठिगळ्यानं खिशातून टेस्टर काढला, इस्त्री चालू करून तिच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरच्या पोटातला लाल दिवा लागला. मंद, पण लागला. त्यानं चटकन टेस्टर खिशात घातला.

"दिवा लागला," आत्या म्हणाली.

"टेस्टर जुना झालाय. कुठंही लागतो."

"भिंतीला लावा बघू."

"भिंतीला कशाला?"

"कुठंही लागतो म्हणालात ना."

त्यानं भिंतीला लावला नाही. भावाकडे बघून हसला. "अरे, ताईंना सांग ना, जगात सगळे चप्पल घालूनच इस्त्री करतात. काम चालतंय ना? इस्त्री तापतेय ना? मग झालं तर."

भाऊ बूट घालून, डबा घेऊन, मध्ये उभा. बहीण आणि सोबती यांच्यात उभ्या राहिलेल्या माणसाचं तोंड जसं होतं तसं त्याचं झालं होतं. "ताई, तो तज्ज्ञ आहे गं. एका बाकावर बसायचो आम्ही."

"म्हणूनच दोघंही तिथंच राहिलात." आत्यानं एक शर्ट ओला करून टेबलावर पसरला. "हे बघा, वायरमन. मला तुमच्यातलं काही कळत नाही. तुम्ही फक्त बूट काढा, इथं माझ्या जागेवर उभे राहा, ही बाही धरा आणि इस्त्री फिरवा. चावली नाही तर मी आजपासून त्या खुर्चीत."

वहिनीचं मशीन थांबलं.

ठिगळ्यानं आपल्या बुटांकडे बघितलं. जाड तळाचे, महागाचे. "बूट कशाला काढायचे? आमच्या धंद्यात बूट काढत नाहीत."

"माझ्या धंद्यात मी घालत नाही. एक फेरी तर मारायची."

"लेस बांधायला वेळ लागतो हो. दुसरीकडे माणूस खोळंबलाय."

"बांधून देईन मी."

"मोजे फाटलेत," तो म्हणाला.

इतकं सांगून मोकळा झाल्यावर त्यालाच वाटलं असावं की आता काही उरलं नाही. तज्ज्ञ माणूस स्वतः केलेल्या कामाला ओल्या हातानं शिवायला तयार नव्हता, आणि त्यासाठी त्याला फाटके मोजे पुढे करावे लागत होते. वहिनीनं हसू दाबायला तोंड फिरवलं. भाऊ मात्र हसला नाही. त्याच्या डोक्यातली, कचेरीच्या चालीनं सावकाश चालणारी गाडी पहिल्यांदाच रुळावर आली. त्यानं डबा टेबलावर ठेवला, वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मोजे काढून आत्याच्या जागेवर, अजून ओलसर असलेल्या फरशीवर उभा राहिला.

"नुसतं बोटाच्या पाठीनं लाव," आत्या म्हणाली. तिच्या आवाजात आता टोमणा नव्हता.

त्यानं ओल्या बाहीवर इस्त्री टेकवली आणि बोटांची पाठ कापडाला लावली. लागलीच हात असा मागे आला की कोपर डब्यावर आपटलं आणि डबा टेबलाखाली गडगडत गेला. भाजी सांडली. कुणी उचलायला वाकलं नाही.

भाऊ हात चोळत बहिणीकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत ती रोज हे हातावर घेत होती आणि तो तिला खुर्ची देत होता. तो ठिगळ्याला म्हणाला, "प्लेट काढ."

"आता कशाला, मी दुपारी येऊन..."

"मेन स्विच मी बंद करतो. तू प्लेट काढ."

मेन बंद झाला. दिवे गेले, धुक्याचा करडा उजेड तेवढा खिडकीतून आत राहिला. ठिगळ्यानं पेचकस फिरवून इस्त्रीच्या बोर्डाची प्लेट सैल केली आणि हातानं झाकून धरली, पत्ते झाकावेत तशी.

"उलटी करा," आत्या म्हणाली.

त्यानं उलटी केली.

तिघांनी माना पुढे घातल्या. लाल वायर भिंतीतून आलेली, काळी वायर भिंतीतून आलेली. तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकाला हिरवी वायर स्क्रूनं नीट कसलेली. इस्त्रीच्या अंगात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या हातातून न जाता जमिनीत जावा म्हणून असते ती वायर. पण ती भिंतीत जातच नव्हती. बोटभर लांबीचा तुकडा, दुसऱ्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि मागे दुमडून ठेवलेला. प्लेट सैल करून कुणी फटीतून डोकावलं तर हिरवं दिसावं, एवढ्यापुरता.

आधी बोलली ती वहिनी. हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच.

"वन्सं, खोटा खिसा."

ठिगळ्याला शब्द कळला नाही. बाकी तिघांना कळला.

काही वर्षांपूर्वी वहिनीकडे एका ठेकेदाराचं काम आलं होतं. पहारेकऱ्यांचे जाडे कोट. कापड वाचवायला ठेकेदारानं खिशांना नुसती झाकणं लावायला सांगितली होती, आत पिशवी नाही. वहिनीनं गुपचूप तसंच शिवलं. आत्या इस्त्रीला उभी राहिली, सवयीप्रमाणे कोट उलटा केला आणि खिशाची पिशवी शोधायला लागली. सापडेना. पुन्हा सुलटा करून खिशात हात घालायला गेली तर हात कापडावरून सरकून खाली आला. तिनं तो सगळा गठ्ठा उचलून वहिनीच्या मशीनवर आणून टाकला. "रात्रभर उभा राहणारा माणूस," ती म्हणाली होती, "हात गारठले की इथं घालायला जाणार. तिथं तू त्याला काय ठेवलंयस? नुसतं तोंड." वहिनीनं सगळे कोट उसवून पिशव्या बसवल्या आणि वर चार दिवस नणंदेची नजर चुकवत फिरली. तेव्हापासून या घरात कुठलीही लबाडी म्हणजे खोटा खिसा. वहिनीनं हा शब्द आपल्या तोंडानं कधी उच्चारला नव्हता. आज उच्चारला.

"विसरला असतात तर विसरलात म्हणून सोडून दिलं असतं," आत्या ठिगळ्याला म्हणाली. "पण हा तुकडा तुम्ही मापानं कापलात. त्याला स्क्रू कसलात. टोकाला पट्टी लावलीत. अहो, खऱ्या कामात तुम्ही इतकं मन कधी घातलं नाहीत."

"खालच्या मीटरपासून वायर आणायची म्हणजे जिन्याची भिंत फोडावी लागली असती. तुमच्याच रंगाचं नुकसान झालं असतं. मी तुमचाच विचार..."

"बाकीच्या बोर्डांत?" भावानं विचारलं.

ठिगळ्यानं चष्मा नीट केला. पट्टी लावलेली दांडी हातात आली. "बघावं लागेल."

"बघायला नको," आत्या म्हणाली. "तुम्ही इतके आळशी आहात की खोटंसुद्धा प्रत्येक ठिकाणी वेगळं करणार नाही."

तो म्हणाला की आत्ताच्या आत्ता पक्कं करून देतो, दोन तासांचं काम आहे. भाऊ घुटमळला. शेवटी बाकावरचा सोबती. त्यानं बहिणीकडे बघितलं. आत्या म्हणाली, "दोन तासांचं होतं तर तेव्हा का नाही केलंत? पेटी भरा. आणि तो हिरवा तुकडा काढून घेऊन जा. तुमचा माल आहे, दुसऱ्या घरी लागेल."

ठिगळ्यानं तो तुकडा खरंच काढला आणि खिशात घातला. अपमान कळायलाही थोडं काम करावं लागतं. दारातून बाहेर पडताना त्याचा फोन वाजला. "निघालोच," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं.

दुसरा वायरमन आला तो गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून. तोही काही फार उजेड पाडणारा होता अशातला भाग नाही. जिन्याची भिंत फोडताना धूळ पायरीपायरीवर केली, आणि शिट्टी सतत एकच वाजवायचा, तीही बेसूर. आत्या त्याच्या मागोमाग प्रत्येक बोर्डापर्यंत गेली आणि प्लेट बसवायच्या आधी म्हणाली, "उलटी करा." त्यानं पहिल्यांदा डोळे वटारले, नंतर आपणहून उलटी करून दाखवायला लागला. हिरवी वायर भिंतीत गेलेली दिसली की ती "हूं" म्हणायची. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्या घरात कुणाला मिळालं नव्हतं. जिन्यावर सिमेंटचा ओबडधोबड पट्टा राहिला. भाऊ म्हणाला, रंग लावून घेऊ. आत्या म्हणाली, राहू दे.

इस्त्री जरा जुनी झालीच होती, तीही बदलली. पण आधी जुनीच लावून बघितली. हवा दमट, फरशी ओली, पाय अनवाणी, बाही भिजलेली. काही नाही. कापड नुसतं गरम झालं, जसं व्हायला हवं.

मधल्या दिवसांत वेटरांचे शर्ट कोपऱ्यावर गेले होते. संध्याकाळी भाऊ कचेरीतून येताना तो गठ्ठा स्वतः उचलून घेऊन आला. इस्त्रीवाल्याला काय सांगितलं ते त्यानं सांगितलं नाही. गठ्ठा टेबलावर ठेवला, खिडकीतली खुर्ची उचलली आणि वहिनीच्या मशीनमागे, कापडाचे तागे ठेवायला, नेऊन टाकली.

आत्यानं वरचा शर्ट झटकला. कॉलरच्या आत चुण्या, काजांच्या मागे कापड गोळा झालेलं, खिशाच्या तळाशी एक दुमड तशीच दाबून बसवलेली.

"याला इस्त्री म्हणतात होय," ती म्हणाली. "वरून ओवाळून टाकलीय नुसती."

"सगळे पुन्हा करणार का काय वन्सं?" वहिनीनं विचारलं.

"मग काय वेटरांनी आपले आपण करायचे?"

तिनं शर्ट उलटा केला, खिशाची पिशवी बाहेर ओढली, बोटांनी तिची दुमड मोडली आणि मूठभर पाणी शिंपडलं.